साळवीसाहेबांचं गवत

आमच्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळाने मला निरोप पाठवला, की साळवीसाहेबांवर दोन पानं लिही. 'बागेचे शिल्पकार' असं शीर्षक ठरलंय, फोटोही आहे, तू फक्त मजकूर दे. फोटोत साळवीसाहेब हिरव्यागार गवताच्या कडेला उभे आहेत. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, हातात मोजपट्टी. मी मजकूर देणार नाही असं कळवलं. त्यांनी कारण विचारलं. माणूस गेल्या हिवाळ्यात नाशिकला मुलीकडे वारलाय, आता कसला राग, असंही विचारलं. कारण दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हे लिहिते आहे. ते छापणार नाहीत. मी छापून घेईन आणि दाराखालून सरकवेन. ती सवय आमच्या घरात जुनी आहे. पप्पा इथल्याच भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते आणि युनियनची पत्रकं आमच्या पलंगाखाली असायची. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले.

साळवीसाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सोसायटीचे सचिव झाले. खुर्ची गेली होती, पण फाइल चालवायची हौस गेली नव्हती. फाइल नाही म्हणून त्यांनी बाग धरली. चार विंगच्या मधल्या चौकात त्यांनी गवत लावायचं ठरवलं, कडेने गुलाब, कोपऱ्यात कढीपत्ता, आणि सगळ्याच्या आधी पाटी लावली. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत: गवतावर पाय ठेवू नये. तेव्हा गवताचं एक पातंसुद्धा उगवलेलं नव्हतं. पाय मातीवर पडला तरी शिट्टी वाजायची.

पहाटे सहाला ते खाली उतरत. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात लाल प्लास्टिकची बादली आणि पाण्याचा मग. तण काढायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बुडाशी मगभर पाणी. माती भिजेपर्यंत उकिडवं बसून वाट बघायची. मग खुरपं तिरकं घालायचं, आणि शेवटी दोन बोटांनी अलगद ओढायचं. मूळ अखंड बाहेर आलं की ते उजेडात धरून बघत. तुटलं तर दिवसभर चिडलेले असत. "वरून तोडणं म्हणजे काम टाळणं," ते म्हणत. "मुळासकट."

हा शब्द त्यांनी तणापुरता ठेवला असता तर मी आज गप्प बसले असते. गेटवर भाजीची हातगाडी लागायची. "मुळासकट काढा त्याला." वॉचमन यादव दुपारी केबिनमध्ये डबा खाऊन पाच मिनिटं डोळे मिटायचा. "ही सवय मुळासकट गेली पाहिजे." बाल्कनीच्या कठड्यावर कुणी तुळशीची कुंडी ठेवली, तर नोटीस यायची. नोटिशीखाली सही, सहीखाली रेघ, आणि रेघ पट्टीने मारलेली.

कढीपत्त्याची गोष्ट सोसायटीत अजून सांगतात आणि हसतात. मला हसू येत नाही. झाड चांगलं वाढलं तसं येता-जाता लोक दोन पानं तोडायला लागले. साळवीसाहेबांनी झाडाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी बसवली आणि जाळीला कुलूप घातलं. कढीपत्ता रविवारी सकाळी आठ ते सव्वाआठ मिळेल, घरटी दोन डहाळ्या. रांग लागायची. मोठी माणसं, हातात पिशव्या घेऊन, आपल्याच झाडाच्या पानांसाठी रांगेत. साहेब कात्रीने डहाळी कापून एकेकाच्या हातात देत.

सी विंगच्या उषाबेन एकदा म्हणाल्या, "साळवीभाई, आज दो ज़्यादा देना. सूरत से मेहमान आये हैं."

"मेहमान सोसायटी के मेंबर हैं क्या?"

"मेंबर नहीं हैं, पर दाल तो खाएँगे."

रांग हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी उषाबेनना दोनच डहाळ्या दिल्या आणि कुलूप लावलं. सव्वाआठला अजून चार मिनिटं होती आणि मागे तीन माणसं उभी होती. तिन्ही माणसं निमूट घरी गेली. माझा राग तिथून सुरू होतो. तो एकट्या साहेबांवरचा नाही, पण रागाला चेहरा त्यांचा होता.

आता हिराबाई. हिराबाई पाटील खारी गावातल्या. आमच्या कंपाउंडची मागची भिंत आणि पलीकडचा नाला ओलांडला की त्यांचं गाव. बागेची झाडलोट, पाणी, खुरपणी त्यांच्याकडे होती. जिथे आमच्या विंग उभ्या आहेत तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्या हे कधी तक्रारीच्या सुरात सांगायच्या नाहीत. माझ्या आईला एकदा म्हणाल्या, "तुमचा जिना हाय ना, तिथं आमचं खलं व्हतं. भात झोडायचं." आणि झाडू मारत पुढे गेल्या.

मे महिन्यात साहेबांनी गवत मागवलं. टेम्पोतून चटईसारख्या गुंडाळ्या आल्या. हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

"साहेब, आता नका लावू. उन्हाल्यात या जमिनीचं मीठ वर येतं. चार पाऊस पडू द्या, मीठ धुवून जाऊ द्या, मंग लावा."

"हिराबाई, ही लाल माती आहे. वरसाव्याहून आणलीय. सहा इंचांचा थर. मी स्वतः मोजलाय."

"वर लाल हाय. खाली आमचीच हाय."

"तुम्ही पाणी घाला. सल्ला द्यायला कमिटी आहे."

त्यांनी पाणी घातलं. रोज, दोन वेळा, बोअरचं. तीन आठवड्यांत गवत कडेने तांबूस झालं, मग मधूनही गेलं. आणि जूनच्या सुरुवातीला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम होता. वॉर्डातले एक पुढारी रोप लावायला येणार होते. साहेबांनी आदल्या दिवशी बाजारातून प्लास्टिकचं हिरवं गवत आणलं, मोजपट्टी लावून कापलं आणि जळालेल्या भागावर अंथरलं. पुढाऱ्यांच्या चपलेत त्याचा एक कोपरा अडकला आणि वर आला. साहेब शांतपणे पुढे झाले आणि त्या कोपऱ्यावर पाय ठेवून उभे राहिले. भाषण संपेपर्यंत हलले नाहीत. पाटी त्यांच्या मागेच होती.

इथवर ही विनोदी गोष्ट आहे. पुढच्या सभेत त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं की माळीकामातील हलगर्जीमुळे गवत वाळले. ते हिराबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी सही केली. काम टिकवायचं होतं. जुलैत, चार पाऊस होऊन गेल्यावर, साहेबांनी पुन्हा गवत आणलं. ते धरलं. भरघोस झालं. त्या वेळच्या इतिवृत्तात 'योग्य नियोजनामुळे' असं लिहिलंय. मी ते पान बघितलंय.

त्याच पावसाळ्यात हिराबाईंनी सी विंगच्या मागे शिराळी, म्हणजे दोडकी, लावली. मागची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये तीन हात रुंद पट्टा आहे. नाल्याचा वास येतो, म्हणून तिथे कुणी जात नाही. साहेब तर नाहीच. त्या बाजूने जावं लागलं तर नाकाला रुमाल लावायचे. हिराबाईंचं गावातलं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं आणि घरामागचं परडं विटा-रेतीखाली गेलं होतं. म्हणून वेल इथे. उषाबेननी पहिल्या मजल्याच्या ग्रिलमधून सुतळ्या सोडल्या, यादवने कुठून तरी बांबू आणले. ऑगस्टमध्ये ग्रिल दिसेनाशी झाली. लांब, गडद हिरवी, धारदार शिरांची शिराळी. हिराबाई कुणाच्याही दारात दोन ठेवून जायच्या. रांग नाही, कुलूप नाही.

दोन शिराळी मात्र त्यांनी तोडली नव्हती. सगळ्यांत लांब, सगळ्यांत सरळ, आणि दोन्हींच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली. आई म्हणाली, "ती दोन जून होतील की. काढा."

"ती बियाची. फडका बांधला म्हंजे हात न्हाय लावायचा. येलावरच सुकवायची. हलवल्यावर आत खुलखुल वाजलं की मंग काढायची."

"आणि घरात राखलेलं बी?"

"सगलं हिथंच पेरलं. घर पाडलं, सामान तीन ठिकाणी. उंदरांनीच खाल्लं असतं. सासूनं दिलेलं बी हाय, तिला तिच्या सासूनं. आता काय ती दोनच."

आईने विचारलं, मग पुढच्या पावसात दोन-चार रोपं काढून आमच्या कुंडीत लावली तर? हिराबाईंनी मान हलवली. "शिराल्याचं मूल नाजूक. उपटताना जराशी तार तुटली तरी रोप मरतं."

ऑक्टोबरात एका मंडळाने सुंदर बाग स्पर्धा जाहीर केली. साहेबांच्या नोटिशी रोज निघू लागल्या. कठड्यावर कपडे नकोत. मुलांनी चौकात खेळू नये. परीक्षक येतील त्या दिवशी हिराबाईंनी मागच्या बाजूला थांबावं. ही शेवटची नोटीस वाचून माझं डोकं फिरलं. मी रात्री बसून पत्रक लिहिलं. 'बाग कोणाची?' त्यात मी लिहिलं की समोरच्या बागेत बसता येत नाही, खेळता येत नाही, पान तोडता येत नाही. खरी बाग सी विंगच्या मागे आहे, जिथे एका बाईने तीन हात जागेतून सगळ्या इमारतीला भाजी खाऊ घातली. पप्पांनी वाचलं. म्हणाले, "वाक्यं बरी आहेत. तिला विचारलंस?"

मी म्हटलं, "तिच्या बाजूनेच लिहिलंय की."

पप्पांनी कागद माझ्याकडे परत दिला. सकाळी मी प्रत्येक दाराखालून पत्रक सरकवलं. साहेबांच्या दाराखालूनही. मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले तर सी विंगची ग्रिल उघडी पडली होती. सुतळ्या लोंबत होत्या. उषाबेन खिडकीतच उभ्या होत्या.

"सुबह आये थे. रुमाल बाँध के. मैंने बोला, साळवीभाई, ये हीराबेन का है. बोले, परसों जज आनेवाले हैं."

खाली वेलांचे बुडखे राहिले असतील म्हणून मी बघायला गेले. काहीच नव्हतं. सारख्या अंतरावर ओली छिद्रं होती. आधी पाणी, मग खुरपं, मग दोन बोटं.

आदल्या दिवशी हिराबाईंची सुट्टी होती; सकाळी त्या आल्या. मी गेटजवळच उभी होते. त्या सरळ साहेबांकडे गेल्या. ते गुलाबांमधलं अंतर मोजत होते.

"साहेब, येल काढले ते काढले. फडका बांधलेली दोन व्हती, ती कुठं हायत?"

"ती वाळलेली? अहो, ती मेलेली होती. तपकिरी झाली होती. परीक्षकांना काय दाखवायचं ते?"

"मेलेली न्हाय. पिकलेली."

साहेबांनी मोजपट्टी सोडली. ती सर्रकन आत गेली.

"मुद्दाम फडका बांधलेला. कशाला बांधलाय, येवढं तरी इचारायचं."

"कचरा होता," साहेब म्हणाले. "कचऱ्यात गेला."

कचऱ्याची गाडी आदल्या दिवशीच येऊन गेली होती. यादवने मान खाली घातली. हिराबाईंनी झाडू उचलला. मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, मावशी, आपण हे सोडायचं नाही. मी दुसरं पत्रक काढते, सगळ्या विंगच्या सह्या घेते, सभा बोलवायला लावते.

त्या थांबल्या. आवाज चढवला नाही. "बाय, तुझा कागद वाचूनच ते मागं आले ना? न्हायतर त्या वासात ते कशाला येतात." मग झाडू जमिनीवर टेकवून, "मना इचारलं व्हतंस?"

नव्हतं विचारलं. साहेबांनी चिंधी बघून विचारलं नाही आणि मी पत्रक लिहिताना विचारलं नाही. पण मी हे इथे साहेबांचा अपराध कमी व्हावा म्हणून लिहीत नाही. दोन माणसांनी चूक केली म्हणून ती अर्धी-अर्धी होत नाही.

स्पर्धेत दुसरा क्रमांक आला. स्मरणिकेतला फोटो त्या दिवशीचा आहे. परीक्षकांना साहेबांचा खताचा खड्डा फार आवडला होता. ए विंगच्या बाजूला, झाकणाला कुलूप, किल्ली साहेबांकडे, वर पाटी: येथील पालापाचोळा बाहेर जात नाही. ही पाटी मी शंभर वेळा वाचली होती. तिचा अर्थ मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत लागला नाही.

मेमध्ये साहेबांनी खड्डा उघडला आणि काळं खत घमेल्याने गवतावर पसरलं. अर्धा इंच, मोजून. साहेब तेव्हा अंगाने खूप वाळले होते. उकिडवं बसल्यावर उठताना गुलाबाच्या कुंपणाला धरत. कुणी हात दिला तर झिडकारत.

पावसाने जोर धरून आठवडा झाला होता. सकाळी सातला मी कामाला निघाले. चौकाच्या कडेला हिराबाई उभ्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, झाडू काखेत. गवताच्या अलीकडे, पाटीजवळ. त्या एकटक गवताकडे बघत होत्या. मीही बघितलं. गवतातून जागोजागी जाड, खरखरीत दोन-दोन पानं वर आली होती. काहींना तिसरं पान फुटत होतं. शिराळ्याची रोपं.

साहेब त्यांच्यामध्ये उकिडवे बसले होते. मगभर पाणी ओतलं, थांबले. खुरपं तिरकं घातलं. दोन बोटांनी ओढलं. मूळ वर धरून बघितलं आणि रोप बादलीत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग पुढचं.

"साहेब," हिराबाई म्हणाल्या, "ही हितं कशी आली?"

साहेबांनी वर बघितलं नाही. "खड्ड्यातून."

कचऱ्यात गेला, असं ते म्हणाले होते. आमच्या सोसायटीत बागेचा कचरा गाडीत जात नसे, खड्ड्यात जाई. हिराबाईंनी विचारलं त्या सकाळी त्यांनी एवढं सांगितलं असतं, तर हिराबाईंनी हाताने खड्डा उपसला असता. माहीत असून ते गप्प राहिले. आठ महिने. त्या बाईसमोरून रोज ये-जा करत.

"गवतात वेल चालत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या रोपाला पाणी घातलं.

मी तोंड उघडणार होते. हिराबाईंनी माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. थांब. मी थांबले. 'तिला विचारलंस?' हा पप्पांचा प्रश्न मला तोवर पाठ झाला होता.

एक रोप तुटलं. साहेबांनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं, मग खिशात घातलं. बाकीची अखंड निघाली. सगळं गवत स्वच्छ झाल्यावर ते कुंपणाला धरून उठले आणि बादली कडेला आणून ठेवली.

"हे घेऊन जा. इथे नको."

मी बादलीत डोकावले. तळाला दोन बोटं पाणी होतं. रोपांची मुळं त्यात बुडालेली. तणाच्या बादलीत मी त्यांना कधी पाणी ठेवताना बघितलं नव्हतं. ते पाणी त्यांनी घातलं की पावसाचं साचलं, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि त्यांच्या बाजूने गृहीतही धरणार नाही.

हिराबाईंनी बादली उचलली. "धुऊन परत आणा," साहेब म्हणाले.

ती रोपं सगळी धरली नाहीत. धरली तेवढी पुरली. सी विंगची ग्रिल आज पुन्हा दिसत नाही, आणि चिंध्या आता चार वेलांवर बांधलेल्या असतात. रोपं काढली त्याच महिन्यात मुलगी येऊन साहेबांना नाशिकला घेऊन गेली, तेव्हा मी कामावर होते. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या सकाळी.

सी विंगकडे जायचा रस्ता चौकाला वळसा घालून जातो. त्या सकाळी हिराबाई त्या रस्त्याने गेल्या नाहीत. बादली हातात घेऊन त्या पाटीसमोरून सरळ गवतावर चढल्या आणि मधून चालू लागल्या. सावकाश, पाणी सांडू नये म्हणून. साहेबांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांपर्यंत आली. मी वाट बघत होते. ती वाजली नाही.

हिराबाई सी विंगमागे गेल्यावर ते पुन्हा खाली बसले. मग गुडघ्यांवर पुढे सरकत, हिराबाईंच्या पावलांखाली दबलेलं गवत तळहाताने उभं करू लागले. एकेक पाऊल.